खाच पडलेली इस्त्री

विमानाच्या पंखाची खालची बाजू आधी मढवायची आणि वरची नंतर, यावर रंगारी कुणाशीही भांडायला तयार असे. वरच्या फिल्मची कड अर्धं बोट खाली वळवून चिकटवली की सांधा पोटाकडे जातो आणि बघणाऱ्याला वरून नुसती काच दिसते. चौतीस वर्षं त्यानं मोटारींना रंग मारला होता. चेपलेल्या, घासलेल्या, गंजलेल्या गाड्या त्याच्या गॅरेजात रडत यायच्या आणि मिरवत जायच्या. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यानं गाड्या बंद केल्या आणि त्याच गॅरेजात जावयाची रिमोटवर उडणारी विमानं मढवायला घेतली.

जावई एका कारखान्यात लेथवर होता. संध्याकाळी घरी बसून तो बाल्साच्या हलक्या लाकडातून पंखांच्या फासळ्या कापायचा, सांगाडा जोडायचा, इंजिन बसवायचा आणि रविवारी ते सगळं सासऱ्याकडे घेऊन यायचा. "मामा, हाडं माझी, कातडी तुमची," असं म्हणायचा. रंगारी खूश व्हायचा. मग दोघं तासन्‌तास शेजारी बसून सँडपेपर घासायचे. खरं सांगायचं तर रंगाऱ्याला लेकीपेक्षा जावईच जास्त भेटायचा, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपल्याला माणसाची पारख आहे अशी त्याची समजूत होती. पत्र्याची होती, माणसाची नव्हती.

विमान मढवायची इस्त्री कपड्यांच्या इस्त्रीसारखी नसते. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला लहान मुलाच्या पावलाएवढा तळ, पुढून निमुळता. ती फिरवली की रंगीत प्लास्टिकची फिल्म लाकडाला चिकटते, आणि आणखी ऊब दिली की आक्रसून ढोलासारखी ताठ होते. ही इस्त्री रंगाऱ्यानंच जावयाला भेट दिली होती. एकदा ती फरशीवर पडली आणि टोकाच्या डाव्या कडेचा टवका उडाला. रंगाऱ्यानं कानस मारून कड गुळगुळीत केली, पण तांदळाच्या दाण्याएवढी खाच राहिलीच. तेव्हापासून ती फिरवली की कडेला दाण्याएवढी जागा चिकटायची राहून जाई आणि हात दुसऱ्यांदा मारावा लागे. रंगारी तिला रोज शिव्या घालायचा आणि रोज तीच वापरायचा. मधूनमधून जावई ती घरी न्यायचा. "एक कड सुटलीय मामा, घरीच दाबतो," म्हणायचा.

स्पर्धा चार दिवसांवर आली होती. उडवण्याला गुण होते तसे सफाईलाही होते, आणि सफाईचे गुण जावयाला दर वर्षी सासऱ्याच्या हातामुळे मिळत. यंदाचं विमान मोठं होतं, पंख लेकीच्या उंचीहून लांब. एवढी फिल्म एकट्याला ताणता येत नाही, म्हणून बुधवारी दुपारी लेक आली. लहानपणी ती गाडीच्या काचांवर कागद धरून उभी राहायची, तेव्हापासूनची तिला सवय होती. तिनं फिल्मची दोन टोकं पकडली, रंगाऱ्यानं इस्त्री टेकवली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "हलू नकोस, सुरकुती पडेल."

ती हलली. नुसती हलली नाही, दचकली. उजव्या पंखावरची फिल्म हातातून सुटली, बाही कोपरापर्यंत सरकली, आणि रंगाऱ्याला तिचा हात दिसला.

तीन डाग होते. एक जुना, पांढरट पडलेला. एक तपकिरी. आणि एक ताजा, अजून ओला. तिन्ही लहान मुलाच्या पावलाएवढे, पुढून निमुळते.

"हे काय?"

"कुकर लागला."

"तीनदा?"

ती बाही खाली ओढायला लागली. रंगाऱ्यानं तिचं मनगट धरलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ज्या नजरेनं तो बॉनेटवरचा पोचा शोधायचा त्या नजरेनं बघितलं. प्रत्येक डागाच्या टोकाशी, डाव्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढी कातडी शाबूत होती.

त्यानं इस्त्री तिच्या हातावर वीतभर उंच धरली. डब्यावर झाकण बसावं तसं माप बसत होतं. मग आपण काय धरलंय ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं ती घाईनं स्टँडवर ठेवली.

"तुमचंच वाक्य म्हणतो तो," लेक म्हणाली. ती रडत नव्हती, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. "टेकवायच्या आधी. हलू नकोस, सुरकुती पडेल. आणि हसतो. तुमच्यासारखा आवाज काढतो."

रंगाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवरचा सगळ्यात मोठा पाना त्याच्या हातात कधी आला ते त्यालाही कळलं नाही. गुडघे दुखत होते ते दुखायचे थांबले. तो दाराशी पोचला, तर लेक आधीच तिथं उभी.

"बसा खाली."

"बाजूला हो."

"बाबा, बसा. म्हणूनच मी सांगत नव्हते."

ती सात वर्षांची असताना याच गॅरेजात एका गिऱ्हाइकानं गंमत म्हणून ओल्या रंगावरून बोट फिरवलं होतं. रंगाऱ्यानं हातातली स्प्रे-गन त्याच्या तोंडावर हाणली. नव्या कोऱ्या पांढऱ्या दारावर रक्त उडालं आणि त्या माणसाचा एक दात लेकीच्या चपलेपाशी येऊन पडला. त्यानंतर ती महिनाभर बापाशी बोलली नव्हती. मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, पुन्हा कुणावर हात उचलणार नाही. शब्द पाळला होता, पण पोरीची भीती काही गेली नव्हती.

"तुम्ही जीव घ्याल त्याचा," ती म्हणाली. "मग तुम्ही जाल आत. आणि मी काय करू? मी ठरवलंय सगळं. मैत्रिणीकडे खोली बघून ठेवलीय, कपडे थोडे थोडे नेऊन ठेवलेत. तो जिंकला की चार दिवस खुशीत असतो, घरी कमी असतो. त्या चार दिवसांत मी निघते. मला फक्त स्पर्धेपर्यंत थांबायचंय. तुम्ही काही करायचं नाही. काहीही नाही. कबूल?"

"कबूल," रंगारी म्हणाला.

इथं त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं हे त्याच्या घराण्यातच नव्हतं. लेक गेली आणि तो त्या उजव्या पंखासमोर बसून राहिला. हात उचलायचा नाही, ठीक. पण हात चालवायचा नाही असं कुठं ठरलं होतं?

मढवलेल्या पंखाची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. फिल्म गरम असताना पंख हातानं पिळून धरला आणि तसाच थंड होऊ दिला, तर तो पीळ त्यात कायमचा बसतो. त्यानं उजव्या पंखाचं टोक पिळलं, मागची कड बोटभर वर उचलली आणि ऊब देऊन फिल्म निवेपर्यंत धरून ठेवली. असा पंख हवेत पुरेसा उचलत नाही. विमान जमिनीवरून सुटलं की त्या अंगाला कलंडणार, आणि सावरायला उंची नसणार.

पण जावईही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. उडवण्याआधी एक डोळा मिटून तो पंखाच्या कडेवरून नजर टाकायचा. तेव्हा रंगाऱ्यानं जुनी खोड बाहेर काढली. गाडीचा पोचा नीट निघाला नाही तर तो त्यावरून असा पट्टा मारायचा की बघणाऱ्याची नजर पट्ट्याबरोबर घसरत जावी. त्यानं मास्किंग टेप लावली, उजव्या पंखावर तिरके निमुळते लाल पट्टे ओढले, पिळाच्या उलट दिशेनं, आणि डाव्यावर त्यांचे जुळे भाऊ. वरून पारदर्शक क्लिअरचे तीन हात मारले. चौथ्या दिवशी पंखात तोंड बघून भांग पाडता आला असता. आयुष्यात इतकं सुंदर काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि ते करताना तो शीळ घालत होता.

शनिवारी जावई आला, एक डोळा मिटून कडेवरून बघितलं आणि म्हणाला, "मामा, पाया पडू का?"

"जिंकून या आधी, जावईबापू," रंगारी म्हणाला.

रविवारी सकाळी मैदानावर शंभरेक माणसं होती. परीक्षकांनी विमान हातात घेऊन फिरवलं, कुणी शेपटीवरून बोट फिरवलं, आणि सफाईचे पैकीच्या पैकी गुण दिले. रंगारी मनाशी हसत होता. इंजिन सुरू करताना शेपूट धरायला लेक बसली होती, पूर्ण बाह्यांचा कुडता घालून, भर उन्हात. जावयानं खूण केली, तिनं शेपूट सोडली आणि उजवीकडे सरकली.

विमान वीस पावलं धावलं, उचललं आणि लगेच उजवीकडे कलंडलं. उजवीकडे प्रेक्षक होते आणि त्यांच्या पुढे लेक. जावई रिमोटची काठी डावीकडे दाबत होता, शिव्या देत होता, पण विमान एका पंखावर उभं राहून, मागे वळत, किंचाळत, थेट तिच्या अंगावर आलं. माणसं धावली. ती मात्र जागच्या जागी खिळली. दहा पावलांवर नाक जमिनीत घुसलं, इंजिन मातीत गेलं, प्रॉपेलर फुटला आणि त्याचा सुरीएवढा तुकडा तिच्या कपाळाला चाटून गेला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं.

रंगाऱ्याला हे सुचलंच नव्हतं. कुठल्या बाजूला कलंडेल ते त्यानं ठरवलं होतं, पण त्या बाजूला कोण उभं असेल याचा विचार त्या चार दिवसांत एकदाही त्याच्या मनात आला नव्हता.

तो धावत तिच्यापाशी पोचला आणि रुमाल दाबून धरला. जावईही धावत आला. पण तो तिला ओलांडून पुढे गेला. त्यानं उजवा पंख उचलला, फाटलेल्या फिल्मवरचे पट्टे अंगठ्यानं झाकले आणि कडेवरून नजर टाकली. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "उजवा पंख कुणी ताणला होता?"

प्रश्न हळू आवाजात होता. रंगाऱ्यानं लेकीकडे बघितलं. कपाळातून रक्त गळत होतं आणि ती दोन्ही हातांनी बाह्या खाली ओढत होती. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला, की त्यानं चार दिवस शीळ घालत जे केलं होतं त्याची भरपाई तिच्या हातावर होणार होती.

"घरी जाऊन बोलू," जावई म्हणाला आणि त्यानं मोडकं विमान गाडीत भरलं.

विमान गॅरेजातच उतरवायचं होतं, म्हणून तिघं तिथंच आले. जावयानं आत येऊन शटर ओढून घेतलं. अवशेष टेबलावर मांडले. मग त्यानं खाच पडलेली इस्त्री प्लगला लावली.

"मामा, तुम्ही जरा घरात जाऊन पडा. आम्ही नवरा-बायको बघतो," तो म्हणाला. "हिनं मला दाखवायचंय, फिल्म कशी ताणली."

"तिनं नाही. मी पिळला पंख."

"मामा."

"मी पिळला. मुद्दाम. फिल्म गरम असताना टोक धरलं आणि निवेपर्यंत सोडलं नाही."

जावई हसला. अगदी प्रेमानं हसला. "तुमच्या हातचा पंख पिळेल? चौतीस वर्षांत तुमच्या हातून एक थेंब ओघळला नाही, असं सगळा गाव सांगतो. लेकीला पाठीशी घालू नका. हिला कामाची चाड नाही, ती शिकवावी लागते." आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

ज्या नावलौकिकावर रंगाऱ्यानं जन्मभर नाक वर करून मिरवलं होतं, तोच आता आडवा येत होता. त्यानं पट्ट्यांनी झाकलेलं खोटं सगळ्यांनी खरं मानलं होतं, खरं मात्र कुणी ऐकत नव्हतं.

"मग बघाच," तो म्हणाला. डावा पंख धड राहिला होता. त्यानं तो गुडघ्यावर घेतला, इस्त्री उचलली, फिल्म तापवली, टोक पिळून धरलं. मिनिटभरानं त्यानं हात सोडला आणि पंख टेबलावर सपाट ठेवला. मागची कड बोटभर वर उभी राहिली, तंतोतंत उजव्यासारखी.

"आता पटलं? आणि का पिळला तेही सांगतो. हिच्या हातावर तुम्ही ही इस्त्री टेकवलीत म्हणून."

जावयाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यानं लेकीचं मनगट सोडलं, टेबलावरचं इंजिन उचललं आणि सासऱ्याच्या तोंडावर घातलं.

रंगाऱ्याच्या गालाचं हाड कडाडलं. तो डब्यांच्या मांडणीवर पडला, थिनरचे आणि रंगाचे डबे त्याच्याबरोबर खाली आले. जावयानं त्याच्या बरगडीत लाथ घातली, पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी रंगाऱ्यानं तो पाय पकडला आणि पिरगाळला. जावई आपटला. मग रंगारी त्याच्या छातीवर बसला.

त्यानं पहिला ठोसा मारला तेव्हा नाक मोडलं. दुसऱ्याला ओठ फाटला. तिसऱ्याला जबडा एका बाजूला गेला आणि तोंडातून शब्दांऐवजी नुसता फेस यायला लागला. सांडलेल्या लाल रंगात रक्त कुठलं आणि रंग कुठला ते कळत नव्हतं. त्यानं जावयाचं डोकं केसांना धरून फरशीवर आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. आणि त्याला बरं वाटत होतं. लपवण्यात अर्थ नाही. शीळ घालताना वाटलं होतं त्याहून कितीतरी बरं वाटत होतं. वीस वर्षं कुलपात ठेवलेला हात मोकळा झाला होता.

"बाबा, सोडा."

त्याला ऐकू आलं. तो थांबला नाही.

"बाबा, मरेल तो. सोडा! बाबा!"

जावयाचे हात आता आडवे पडले होते. रंगाऱ्यानं दोन्ही अंगठे त्याच्या गळ्यावर ठेवले आणि दाबले.

मग त्याच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला काहीतरी टेकलं. पहिल्या क्षणी गार वाटलं. मग कातडी चरचरली, वास आला आणि तो ओरडला. लेक त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली होती, इस्त्री दोन्ही हातांनी धरून, आणि ढसाढसा रडत होती. तीन डाग दाखवताना न रडलेली पोर चौथा देताना रडत होती. तिनं इस्त्री उचलली नाही. त्यानं गळा सोडला तेव्हाच उचलली.

जावई खोकला. श्वास चालू होता.

लेकीनं प्लग काढला, शटर वर केलं आणि शेजाऱ्यांना हॉस्पिटलची गाडी बोलवायला सांगितलं. मग ती म्हणाली, "चला. तुम्ही नाही, मी तक्रार करणार आहे. तुम्ही फक्त बरोबर या."

पोलीस चौकीत इन्स्पेक्टरनं सगळं ऐकलं आणि पेन टेबलावर आपटत म्हणाला, "बाई, भाजल्याचे डाग स्वयंपाकघरातही पडतात. तुमचे मिस्टर हॉस्पिटलात आहेत, तुमचे वडील समोर बसलेत. नुसतं सांगून कोण विश्वास ठेवणार?"

लेकीनं फडक्यात गुंडाळलेली इस्त्री टेबलावर ठेवली. रंगाऱ्यानं आपला हात तिच्या हाताशेजारी मांडला. त्याचा डाग अजून फुगत होता. इन्स्पेक्टर वाकला. एकदा इस्त्रीकडे, एकदा तिच्या हाताकडे, एकदा त्याच्या हाताकडे, असं बघत राहिला. मग त्यानं इस्त्रीच्या टोकाशी बोट नेलं, खाच चाचपली आणि डागांतले चार शाबूत दाणे एकेक करून मोजले.

"हा डाग तुम्हाला कुणी दिला?"

"हिनं."

"का?"

"मी जावयाचा गळा दाबत होतो. सोडत नव्हतो."

इन्स्पेक्टरनं त्याच्याकडे रोखून बघितलं. "हे लिहिलं तर तुम्ही अडकाल, काका."

"लिहा. आणि पंखही मीच पिळला, हिनं नाही. तेही लिहा."

"कसला पंख?"

"विमानाचा. लिहा हो तुम्ही, सगळं सांगतो."

इन्स्पेक्टरनं कागद पुढे ओढला आणि लिहायला लागला. एक शब्दही त्यानं खोटा मानला नाही. लेकीनं बाही दंडापर्यंत वर सारली, नीट दोन घड्या घालून, आणि पुराव्याच्या फोटोसाठी दोघांनी हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. कॅमेरा घेतलेला पोलीस वाकून नेम धरत होता.

"हलू नका," तो म्हणाला.

बाप आणि लेक एकाच वेळी दचकले. फोटो हलला, तो परत काढावा लागला.